चिकन नळाखाली धुऊ नका

चिकन सुपरमार्केटच्या पॅकमधलं असो की कोपऱ्यावरच्या दुकानातलं, त्यावर अँटिबायोटिकला दाद न देणारे ई. कोलाय किंवा साल्मोनेला असू शकतात. कोंबड्यांना सर्रास औषधं दिली की असेच जंतू तगून राहतात. म्हणून तर २०१९मध्ये केंद्राने पशुपालनात कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली. मात्र औषधाला न जुमानणारा जंतू आचेवर इतर जंतूंसारखाच मरतो. घात होतो तो शिजवण्याआधी.

नळाखाली धुतलं की शिंतोडे ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. कोथिंबीर शेवटी कच्चीच पडते, जंतू थेट पोटात. त्यापेक्षा टिश्यूने टिपून घ्या, टिश्यू लगेच कचऱ्यात टाका, हात साबणाने २० सेकंद धुवा. कोशिंबिरीची सुरी-पाट वेगळी हवीच. दही-लिंबू लावून मुरवल्याने जंतू मरतात, हा गैरसमज फार पसरलेला आहे; ते मरत नाहीत.

मुरवायचं तर फ्रिजमध्येच, झाकून, सगळ्यात खालच्या कप्प्यात. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात कच्चं चिकन तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको. शिजताना हाडाजवळचा जाड भाग ७४ अंश सेल्सिअसला पोचला पाहिजे. नुसत्या रंगावर विसंबू नका.