पेट्रोल पंपाखालची गळती: जांभ्यात ती कशी शोधावी

पंपाशेजारच्या विहिरीला तेलाचा वास येतो, ही तक्रार मे महिन्यात होते. कागद हलेपर्यंत मृग लागतो, नमुना जुलैत जातो आणि अहवाल येतो, ‘पाणी ठीक’. प्रयोगशाळा खोटं बोलत नसते. पेट्रोल-डिझेल पाण्याहून हलकं असल्यामुळे भूजलाच्या माथ्यावर तरंगतं. पावसात पातळी भराभर चढली की त्यातलं बरंचसं मातीच्या पोकळ्यांत, पाण्याच्या आत अडकून राहतं आणि विहिरीतला तवंग नाहीसा होतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते पुन्हा सुटून वर येतं. म्हणून कोकणात एका फेरीचा तपास धरूच नये. एक फेरी मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि दुसरी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, एवढं तरी हवंच.

आधी वही, मग कुदळ

पंपावरची रोजच्या डिपची (टाकीत काठी बुडवून मोजलेल्या साठ्याची) नोंदवही किमान वर्षभराची मागून घ्या. साठा, आलेला टँकर आणि नोझलवरची विक्री यांचा मेळ महिन्यावार घाला. तापमानाची दुरुस्ती विसरू नका: पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं-आकसतं, त्यामुळे १० हजार लिटरमागे ५ अंशांचा फरक म्हणजे ५० लिटर, गळती नसतानाही. तूट सतत एकाच दिशेची आहे का, ते पाहा. कधी तूट, कधी वाढ दिसत असेल तर बहुधा मोजमापच ढिलं आहे.

साठ्याच्या आकड्यांपेक्षाही टाकीतल्या पाण्याची नोंद जास्त बोलते. टाकीच्या तळाशी भोक असेल आणि बाहेरचं भूजल पुरेसं वर असेल तर तेल बाहेर जात नाही, पाणी आत येतं. डिझेलची घनता ०.८३ धरली तर भोकावर १ मीटर डिझेल म्हणजे ८३ सेंटिमीटर पाण्याचा दाब. भूजल भोकाच्या वर ८३ सेंटिमीटरपेक्षा जास्त चढलं की प्रवाह उलटतो. म्हणजे पावसाळ्यात टाकीत पाणी आणि उन्हाळ्यात जमिनीत तेल, एकाच भोकातून. मात्र पाणी मॅनहोलच्या झाकणातून किंवा फिल पाइपच्या खड्ड्यातूनही शिरतं. ते सरीबरोबर वाढतं आणि उघडीप मिळाली की थांबतं. तळातून येणारं पाणी उघडिपीतही वाढत राहतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी इथेनॉलला ओढून घेऊन तळाशी बसतं. काठीला लावायची, पाणी लागलं की रंग बदलणारी साधी वॉटर पेस्ट तिथे फसवते. इथेनॉलसाठीची वेगळी पेस्ट मिळते, तीच लावा.

टाकीची आणि पाइपांची दाबचाचणी वेगवेगळी करून घ्या. डिस्पेन्सरखालचे सांधे नेहमी संशयाच्या यादीत वर ठेवावेत. टाकी उघडणं, रिकामी करणं ही कामं पेट्रोलियम नियम, २००२ खाली येतात. ती पेसोची (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची) रीत पाळणाऱ्या माणसांकडूनच.

विहिरी, झरे आणि लोखंडी तवंग

जांभा सच्छिद्र असतो, नळ्यांसारख्या पोकळ्यांनी भरलेला. तेल त्यातून झपाट्याने खाली जातं आणि जांभा व बेसाल्ट यांच्यामधल्या पांढरट-गुलाबी चिकणमातीवर अडतं. मग त्या थराच्या उताराने सरकत सड्याच्या कडेला, पऱ्यात किंवा पायथ्याच्या झऱ्यात उगवतं. त्यामुळे पंपाच्या चहूबाजूंनी वर्तुळ काढून विहिरी मोजण्यापेक्षा उताराच्या बाजूचे झरे आणि विहिरी आधी पाहा. जवळपास चिरेखाण असेल तर तिच्या उघड्या भिंतीत हे थर आयते दिसतात.

इंद्रधनुषी तवंग दिसला की लगेच पंपाकडे बोट दाखवू नका. जांभ्याच्या पाण्यात लोखंड खाणारे जीवाणूही असाच पापुद्रा करतात. काडीने ढवळा: जीवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तुकड्यांत फुटतो, तेलाचा तवंग पुन्हा जुळून येतो.

विहिरीत उतरण्याआधी हवा पाहायला दिवा सोडायची जुनी रीत आहे. पेट्रोलचा संशय असलेल्या विहिरीत ती जिवावर बेतते, कारण हवेत जेमतेम १.४ टक्के वाफ असली तरी ती पेट घेते. गॅस मीटर दोरीने सोडा आणि शक्यतो उतरूच नका.

निरीक्षण विहिरी

भूजलाची पातळी आणि नमुने घेण्यासाठी पाडलेल्या या अरुंद बोअर. किमान तीन, त्रिकोणात, एक चढाच्या बाजूला. तिन्हींच्या तोंडांची उंची एकाच खुणेपासून मोजली तरच प्रवाहाची दिशा कळते. किनाऱ्याजवळ, हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरातल्या डिझेल टाक्यांपाशी, पातळ्या भरती-ओहोटीने हलतात; सगळ्या विहिरी ओहोटीच्या एकाच टप्प्यावर, लागोपाठ मोजा.

पाइप ५० मिलिमीटरचा पीव्हीसी. चिरा पाडलेला भाग पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पातळीच्या वरून सुरू होऊन मेच्या तळाच्या खाली संपला पाहिजे. हा भाग आखूड ठेवला की पावसाळ्यात तो पूर्ण बुडतो आणि तरंगणारं तेल आत शिरतच नाही. भोवती धुतलेली बारीक खडी, वर ६० सेंटिमीटर बेंटोनाइट (ओलाव्याने फुगून फट बुजवणारी माती), मग सिमेंट. पाइप जोडायला सॉल्व्हेंट सिमेंट वापरू नका, आट्यांचे सांधे घ्या. नाहीतर गमातलीच रसायनं नमुन्यात येतात.

बोअर मारणाऱ्या डीटीएच यंत्राची दाबाची हवा बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधलं उडून जाणारं विषारी रसायन, उडवून लावते. मातीचे नमुने हवेत तर कोरडं कोअरिंग करा (पाणी न वापरता मातीचा अखंड दंडगोल काढा), किंवा टाकी काढताना खड्ड्याच्या तळातून आणि भिंतींतून घ्या. खालची चिकणमाती लागली की थांबा. ती भेदलीत तर तेलाला बेसाल्टच्या भेगांकडे तुम्हीच वाट करून दिली.

नमुना

आधी इंटरफेस प्रोबने (तेल आणि पाणी कुठे सुरू होतं ते दाखवणाऱ्या, फितीवरच्या उपकरणाने) तेलाची जाडी मोजा. विहिरीतली जाडी जमिनीतल्या खऱ्या जाडीपेक्षा बरीच जास्त दिसू शकते. तिच्यावरून लिटर काढू नका. तेल तरंगत असेल तिथे विरघळलेल्या घटकांचा नमुना घेण्यात अर्थ नाही.

उरलेल्या विहिरींतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास सावकाश उपसा. पीएच आणि विद्युतवाहकता स्थिरावली की ४० मिलिलिटरच्या कुप्या काठोकाठ भरा, आत बुडबुडा नको. हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली, बर्फाच्या पेटीत ४ अंशांना, आणि १४ दिवसांत तपासणी. दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना आणि पेटीबरोबर शुद्ध पाण्याची, न उघडलेली एक कुपी. जनरेटरमध्ये इंधन ओतलेल्या हातमोज्यांनी कुपी धरलीत तर सगळी फेरी वाया.

बेंझिन, टोल्युईन, इथाइलबेंझिन आणि झायलीन मागा. डिझेलचा संशय असेल तर एकूण हायड्रोकार्बन आणि नॅफ्थॅलिनही. पाठवण्याआधी प्रयोगशाळेला मोजमापाची खालची मर्यादा विचारा. पिण्याच्या पाण्यात बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. ५० पासून मोजणाऱ्या प्रयोगशाळेचा ‘आढळले नाही’ हा शेरा रद्दीतच जमा. टाकीत इथेनॉलयुक्त पेट्रोल असेल तर विरघळलेला ऑक्सिजनही मोजा: जीवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात ऑक्सिजन संपतो आणि बेंझिन जास्त लांब पोहोचतं.

पिण्याच्या विहिरीत वास किंवा तवंग असेल तर अहवालाची वाट न पाहता वापर थांबवायला सांगा आणि ग्रामपंचायत व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकू देऊ नका, ती पेट्रोलवर उपाय नाही. आणि ‘साफ’ करण्यासाठी जोराने उपसाही नको. त्याने तेल त्याच विहिरीकडे ओढलं जातं.