उत्तर नको असलेला प्रश्न : भाषणात, पेपरात आणि अर्जात या चुका टाळा

‘सोलापूरची चादर कोणाला माहीत नाही?’ असं विचारणाऱ्याला माहिती नको असते. चादर सगळ्यांना माहीत आहे, हेच त्याला ठासून सांगायचं असतं. रूप प्रश्नाचं, काम विधानाचं. सरळ विधान केलं तर ऐकणारा मान डोलावून मोकळा होतो. प्रश्न केला की उत्तर त्याच्याच मनात उमटतं आणि ते त्याला स्वतःचं वाटतं. मात्र ते उत्तर आधीच ठरलेलं असावं लागतं. बहुतेक प्रश्न फसतात ते इथंच.

सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरचं भाषण घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. ‘हे चौघे कशासाठी फासावर गेले?’ असं विचारून वक्ता थांबला, की मागच्या रांगेतून कुणीतरी ‘स्वातंत्र्यासाठी!’ ओरडणारच. त्याचं चुकलं नाही, कारण हा प्रश्न खराच आहे. ‘हे चौघे स्वतःसाठी फासावर गेले का?’ असं विचारा. उत्तर प्रत्येकाच्या मनात एकच येतं.

तपासायची रीत सोपी आहे. प्रश्नापुढे ‘अर्थातच’ लावून एकच उत्तर बसतं का, ते बघा. ‘यंत्रमागाला भविष्य आहे का?’ हा प्रश्न इथं नापास होतो. सोलापुरात याला एक ‘हो’ म्हणेल, शेजारचा ‘नाही’, आणि भाषण बाजूला राहील. ‘सूत महाग, चादर स्वस्त, असा माग किती दिवस चालेल?’ हा चालतो. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा टिळकांचा १८९७ सालचा अग्रलेख लोकांना भिडला, कारण प्लेगच्या झडत्या सोसलेल्या पुणेकरांचं उत्तर आधीच तयार होतं.

पाच मिनिटांच्या भाषणात असे प्रश्न दोन, फार तर तीन. प्रत्येकानंतर एक श्वास थांबा. लगेच पुढचं वाक्य सुरू केलं तर उत्तर उमटायला जागाच राहत नाही. ओळीनं सहा प्रश्न विचारले की ती उलटतपासणी वाटते.

बोलताना आवाजाच्या चढउतारानं अर्थ उलटतो. संस्कृत साहित्यशास्त्रात याला काकू म्हणतात. कागदावर आवाज नसतो, म्हणून ते काम शब्दांना करावं लागतं. ‘तो येणार का?’ ही चौकशी, ‘तो थोडाच येणार?’ हा नकार. ‘मी कुठे नाही म्हणतोय?’ म्हणजे होकारच. ‘काय’ची जागाही बघा : ‘तू आमदार आहेस काय?’ ही चौकशी असू शकते, ‘तू काय आमदार आहेस?’ हा टोमणाच.

पेपरात वाक्यरूपांतराचे गुण जातात ते नकारामुळे. प्रश्नार्थीचं विधानार्थी करताना अर्थ तोच राहतो, पण होकार-नकार उलटतो. ‘गड्ड्याची जत्रा कोणाला आवडत नाही?’ याचं ‘कोणालाही आवडत नाही’ असं करणारी मुलं दरवर्षी निघतात. आधी मनात खरं उत्तर द्या (सगळ्यांना आवडते), मग प्रश्नवाचक शब्द काढा, क्रियापदाचा नकार काढा किंवा घाला, काळ तोच ठेवा आणि शेवटी पूर्णविराम द्या. ‘भर उन्हात नवी पेठेत कोण फिरेल?’ याचं ‘भर उन्हात नवी पेठेत कोणीही फिरणार नाही.’ ‘फिरत नाही’ लिहिलं तर काळ बदलला. ‘काय हे ऊन!’ हे मात्र उद्गारार्थी. तिथं नकार घालायचा नाही, ‘हे ऊन फार कडक आहे’ इतकंच.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक अर्जातली. ‘उजनी धरण उशाला असताना आमच्या घशाला कोरड का?’ हे मोर्चात शोभतं. अर्जात त्यावर कुणाला काही करावंच लागत नाही. माहिती अधिकारात तर जास्तच जपावं : २००५ च्या कायद्यानुसार साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण कार्यालयाकडे असलेल्या माहितीचं. ‘तुम्हाला लाज वाटते का?’ याची नोंद कुठल्याच फायलीत नसते. त्याऐवजी लिहा : ‘आमच्या प्रभागात गेल्या तीन महिन्यांत कोणत्या तारखांना, किती वाजता पाणी सोडलं, त्या नोंदवहीची प्रत द्यावी.’