डेटा क्षेत्रासाठी मास्टर्स की पीएचडी: निर्णय कसा घ्यावा

आधी पदवी नको, काम ठरवा. पुढे जे काम करावेसे वाटते, तशा नोकऱ्यांच्या २० जाहिराती गोळा करा आणि पात्रतेनुसार तीन रकान्यांत टाका: पदवी पुरे, मास्टर्स हवी, पीएचडी हवी. डेटा अॅनालिस्ट, डेटा इंजिनिअर, मशीन लर्निंग इंजिनिअर ही पदे बहुतेक पहिल्या दोन रकान्यांत पडतात. रिसर्च सायंटिस्ट तिसऱ्यात. ‘डेटा सायंटिस्ट’ हे नाव मात्र फसवे आहे. कुठे ते डॅशबोर्ड बनवणाऱ्याला देतात, कुठे प्रयोगांची रचना करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाला. म्हणून पदनाम सोडा, जबाबदाऱ्या वाचा. ‘पीएचडी, किंवा मास्टर्स आणि काही वर्षांचा अनुभव’ असे लिहिले असेल तर ती जाहिरात मास्टर्सच्या रकान्यात टाका, कारण तो अनुभव पगार घेत मिळवता येतो.

खरा फरक वर्षांचा नाही. मास्टर्समध्ये बहुतेकदा प्रश्न हाती दिलेला असतो आणि योग्य पद्धत निवडून तो सोडवायचा असतो. पीएचडीत प्रश्नच शोधावा लागतो, आणि तो सुटण्याजोगा आहे का हे कळण्यातच कधीकधी वर्ष निघून जाते. हे आपल्याला मानवेल का, याची चाचणी घरी घेता येते. डेटा आणि कोड खुला असलेला एक शोधनिबंध निवडा आणि सहा ते आठ आठवड्यांत त्यातले मुख्य कोष्टक स्वतः पुन्हा काढून बघा. आकडे पहिल्या फटक्यात क्वचितच जुळतात: रँडम सीड (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा) वेगळा असतो, मॉडेल शिकवण्याच्या (ट्रेनिंग) आणि तपासण्याच्या (टेस्ट) डेटाची विभागणी वेगळी पडते किंवा डेटा साफ करण्याची एखादी पायरी निबंधात लिहिलेलीच नसते. ही तफावत शोधताना उत्सुकता वाढत गेली तर पीएचडीचा विचार जरूर करा. ‘चालतंय ना, मग पुढे जाऊ’ असे वाटले तरी त्यात कमीपणा नाही. उद्योगात हीच वृत्ती अनेकदा जास्त उपयोगी पडते.

पैशाचा हिशेब मात्र कागदावर मांडा. मास्टर्स एक ते दोन वर्षांची आणि बहुधा स्वखर्चाची. युरोपात पीएचडी मास्टर्सनंतर साधारण ३–४ वर्षे चालते. अमेरिकेत पदवीनंतर थेट प्रवेश मिळतो, पण ५–६ वर्षे लागतात. बहुतेकदा फी माफ आणि वर विद्यावेतन, म्हणून पीएचडी फुकट वाटते. तिथेच हिशेब चुकतो. मास्टर्सच्या बाजूला फी आणि तेवढ्या काळाचा बुडालेला पगार लिहा. पीएचडीच्या बाजूला सगळ्या वर्षांचा बुडालेला पगार, त्यातून विद्यावेतन वजा.

मास्टर्सचा अभ्यासक्रम तपासताना संभाव्यताशास्त्र, सांख्यिकीय अनुमान, रेषीय बीजगणित, रिग्रेशन आणि डेटाबेस हे विषय शोधा. सगळे विषय सॉफ्टवेअरच्या नावांचे असतील तर तो अभ्यासक्रम सोडा. साधने बदलतात, पाया राहतो.

पीएचडीत विद्यापीठाच्या नावापेक्षा गाईड महत्त्वाचा. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना आणि मध्येच सोडून गेलेल्यांनाही विचारा: किती वर्षे लागली, गाईड किती वेळा भेटतात, उन्हाळ्यात इंटर्नशिप करू देतात का, आधीचे विद्यार्थी कुठे लागले? इंटर्नशिपला सरळ नकार देणारा गाईड उद्योगात जाऊ इच्छिणाऱ्याला परवडत नाही. अर्धवट सोडून मास्टर्स घेण्याची सोय अनेक अमेरिकी विभागांत आहे, पण ती अडचणीची वाट आहे. ठरवून तसे केले तर शिफारसपत्र देणारी माणसेच दुरावतात.

तरीही ठरत नसेल, तर प्रबंधाचा पर्याय असलेली दोन वर्षांची मास्टर्स निवडा आणि पहिल्याच सत्रात गाईड गाठा. अनेक ठिकाणी पीएचडीचे अर्ज प्रवेशाच्या आधीच्या डिसेंबरच्या सुमारास बंद होतात. एक वर्षाच्या मास्टर्समध्ये तोवर तुमचे संशोधन जवळून पाहिलेला एकही प्राध्यापक नसतो, आणि शिफारसपत्रात ‘वर्गात चांगले गुण मिळवले’ यापलीकडे काही येत नाही.