सर्क्युलर आरएनएवर काम सुरू करताय? माझे पहिले दोन महिने कसे फुकट गेले ते वाचा

२०२० च्या एप्रिलमध्ये लॅब बंद पडली आणि मी कोकणात आंजर्ल्याला घरी आले. गाईडनी काम दिलं: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा सिक्वेन्सिंगचा (आरएनएचा क्रम वाचल्याचा) खुला डेटा उतरवून घे आणि त्यात सर्क्युलर, म्हणजे वर्तुळासारखे बंद, आरएनए शोध. रेंज फक्त मागच्या पडवीत. फोन तिथे खुंटीला टांगायचा, रात्रभर फायली उतरवायच्या. दोन महिने हेच केलं, पण वर्तुळं जवळजवळ सापडेचनात.

आजी विचारायची, "काय गो, त्या डबड्यात काय शोधतेस?" म्हटलं, चुंबळ. साध्या आरएनएला दोन टोकं असतात, एकीकडे टोपी, दुसरीकडे 'ए' अक्षरांच्या माळेची पॉली-ए शेपटी. आरएनए जनुकाच्या ज्या तुकड्यांतून जोडला जातो ते एक्सॉन. सर्क्युलर आरएनएमध्ये पुढच्या एक्सॉनचं शेवटचं टोक मागच्या एक्सॉनच्या सुरुवातीला येऊन जुळतं. याला बॅक-स्प्लायसिंग म्हणतात. चुंबळीसारखं, टोकच नाही. आजी म्हणाली, "असतं गो, आत खोचलेलं असतं."

तिचं बरोबर होतं. वर्तुळातला बाकी सगळा क्रम साध्या आरएनएसारखाच असतो; ओळख पटते ती फक्त त्या खोचलेल्या जागी, म्हणजे बॅक-स्प्लाइस जंक्शनवर. प्रायमर, म्हणजे पीसीआरमध्ये प्रत काढायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे, तेही पाठीला पाठ लावलेले, डायव्हर्जंट घ्यावे लागतात, ते याचसाठी.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. पोफळी आडव्या झाल्या, वीज गेली ती पुष्कळ दिवस. लॅपटॉप बंद, म्हणून आधी छापून आणलेले पेपर वाचायला घेतले. त्यात १९९१ चा, कॅन्सरच्या जनुकांवर काम करणाऱ्या व्होगेलस्टाइन यांच्या गटाचा पेपर होता. डीसीसी या जनुकात त्यांना एक्सॉन उलटसुलट क्रमाने जोडलेले दिसले होते. डीसीसीचा अर्थच मुळी 'कोलोरेक्टल कार्सिनोमात गळालेलं'. म्हणजे या विषयाचं मूळ याच कॅन्सरच्या जनुकात आहे, आणि मला ते ठाऊक नव्हतं! असे उलटसुलट जोडलेले आरएनए मुख्यतः पॉली-ए शेपटी नसलेल्या आरएनएच्या गटात होते, हे वाचलं आणि डोक्यात उजेड पडला. मी उतरवलेला सगळा डेटा पॉली-ए शेपटी धरून वेचलेल्या आरएनएचा होता. शेपटी नसलेली वर्तुळं त्यात येणार कुठून? तेव्हा डेटा घेताना राइबोसोमल आरएनए (पेशीत सगळ्यात जास्त असतो तो) काढून टाकलेला टोटल आरएनए आहे ना, हे आधी बघा.

मग 'स्पंज'चं, म्हणजे छोटे आरएनए शोषून धरणाऱ्या वर्तुळांचं, प्रकरण. सीआयआरएस-७ या वर्तुळावर मिर-७ या जनुकं दाबणाऱ्या छोट्या मायक्रोआरएनएला धरून ठेवणाऱ्या सत्तराहून अधिक जागा आहेत, हे २०१३ मध्ये कळलं. मिर-७ अडकला की ईजीएफआरसारखी वाढीची जनुकं मोकळी सुटतात, अशी या कॅन्सरमधली मांडणी. त्यानंतर जो तो आपल्या वर्तुळाला स्पंज म्हणू लागला. मला हा उत्साह पटत नाही. बहुतेक वर्तुळांवर अशा जागा मोजक्याच असतात आणि पेशीत त्यांच्या प्रतीही थोड्याच. शिवाय २०२० मध्ये ऊतीच्या कापांवर पाहिलं तेव्हा आतड्याच्या ट्यूमरमध्ये सीआयआरएस-७ कॅन्सरच्या पेशींत नव्हतंच, भोवतालच्या आधारपेशींत होतं. अख्खा तुकडा वाटून आरएनए काढला की हे कळत नाही. पॅथॉलॉजीतल्या माणसाशी पहिल्याच महिन्यात ओळख करून घ्या.

रक्ताच्या तपासणीबद्दल नातेवाईक विचारतीलच. वर्तुळं टिकाऊ असतात आणि एक्झोसोममध्येही (पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत) सापडतात, म्हणून आशा आहे. पण आज निदानासाठी कोलोनोस्कोपीच, हे स्पष्ट सांगा.

लॅब उघडल्यावर आरएनेझ-आर लावलं. हे एन्झाइम शेपटीकडून आरएनए कुरतडत जातं, वर्तुळाला सहसा हात लावत नाही. सहसा म्हणते, कारण काही साधे आरएनएही तग धरतात आणि काही वर्तुळं तुटतात. म्हणून सँगर सिक्वेन्सिंगने जंक्शनचा क्रम थेट वाचूनही घेतला. माझ्या संभाव्य वर्तुळांच्या यादीतल्या अकरापैकी चार उरली. आजीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "बाकीच्यांची खोच सुटली असेल."