न्यायव्यवस्थेतील तंत्रज्ञानाचे धोरण-विश्लेषण कसे करावे

पोलीस, न्यायालय किंवा तुरुंग यांच्यासाठी एखादी संगणकीय प्रणाली सुचवली जाते, तेव्हा तिच्या अचूकतेच्या दाव्याआधी तिच्या आधारे नेमका कोणता निर्णय घेतला जाणार आहे, हे लिहून काढावे. जामीन, शिक्षा आणि गस्त या तिन्ही ठिकाणी चूक झाल्यास मोजावी लागणारी किंमत वेगळी असते.

त्यानंतर चुका कोणाच्या वाट्याला येतात ते तपासावे, आणि माझ्या मते खरे काम हेच आहे. अमेरिकेतील ‘कॉम्पास’ या, आरोपी पुन्हा गुन्हा करण्याची जोखीम गुणांत मोजणाऱ्या प्रणालीचे उदाहरण घ्या. ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुढील दोन वर्षांत पुन्हा गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के, तर गोऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के लोकांना जास्त जोखमीचे ठरवले गेल्याचे आढळले. समान गुण मिळालेल्या दोन्ही गटांत पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण सारखेच आहे, असे उत्तर ही प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने दिले. दोन्ही गटांत पुन्हा गुन्हा करण्याचे मूळ प्रमाण वेगळे असेल, तर चुकांचे प्रमाण समान असणे आणि समान गुणांचा अर्थ समान असणे या न्याय्यतेच्या दोन्ही कसोट्या एकाच वेळी पूर्ण होणे गणिताने जवळपास अशक्य ठरते. म्हणून कोणती कसोटी निवडली आणि का, हे अहवालात स्पष्ट सांगावे. (‘पुन्हा गुन्हा’ म्हणजे प्रत्यक्षात बहुधा पुन्हा झालेली अटक किंवा दाखल झालेला आरोप असतो, हे विसरू नये.)

शेवटी खरेदी-करार वाचावा: स्वतंत्र तपासणीचा आणि आरोपीच्या वकिलाला माहिती मिळण्याचा हक्क त्यात नसेल, तर तो घालण्याची शिफारस करावी.