देणगीदाराची पहिली भेट: पोटातला गोळा कसा गेला

ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांच्या वस्तीवर, आम्ही मुलांचे वर्ग चालवतो. नव्या देणगीदाराला भेटायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. नकार पचतो हो, पण पैशाचा विषय काढायचा कसा? म्हणून आता फोनवरच सांगते, "पहिल्या भेटीत काही मागणार नाही, फक्त काम दाखवेन." तिथेच निम्मं दडपण उतरतं.

सोबत एकच वही नेते. त्यात एकाच मुलीचं नोव्हेंबरातलं वेडंवाकडं अक्षर आणि मार्चमधली सरळ ओळ. वही हातात घेतली की समोरचेच विचारू लागतात, आणि मुलांबद्दल बोलताना मला शब्द शोधावे लागत नाहीत.

देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारं ८०जी प्रमाणपत्र आणि कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा (सीएसआर) निधी घ्यायला लागणारा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक पिशवीत असतोच. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जी सवलत नाही, हेही आधीच सांगते.