पीसीईच्या हाती नेटवर्कची खातेवही देताना

२००६ साली आरएफसी ४६५५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात पाथ कॉम्प्युटेशन एलिमेंटची, म्हणजे पीसीईची, रचना मांडली गेली तेव्हा त्याचं काम मोजकं होतं. राउटरने विचारायचं, याने मार्ग सांगायचा. सांगून झाल्यावर विसरला तरी बिघडत नसे, कारण आरएसव्हीपी-टीई या मार्ग उभारण्याच्या जुन्या पद्धतीत बँडविड्थ राखून ठेवण्याचं काम मार्गावरचे राउटरच करत. २०१७ मध्ये आरएफसी ८२३१ ने पीसीईला स्मरणशक्ती दिली आणि आरएफसी ८२८१ ने स्वतःहून मार्ग उभारायची मुभा. २०२१ च्या आरएफसी ९०५० ने एकेका राउटरला लेबलं, म्हणजे पॅकेट पुढे कुठे पाठवायचं हे ओळखायचे आकडे, नेमून देण्याचं कामही त्याच्याकडे आणलं. दरम्यान सेगमेंट राउटिंग (एसआर) रुजलं. त्यात पहिला राउटर मार्गाच्या टप्प्यांची, म्हणजे सेगमेंटांची, यादी पॅकेटवरच चढवतो, आणि मधले राउटर काहीच राखून ठेवत नाहीत. कोणत्या लिंकवर कोणाला किती दिलं याची नोंद पीसीईकडे नसेल, तर ती कुठेच नसते.

म्हणजे पीसीईला संसाधनं सांभाळायला लावणं हे मुख्यतः हिशेबाचं काम आहे. मार्ग शोधण्याचा अल्गोरिदम त्यातला सोपा भाग.

आधी एककं तपासा

टोपॉलॉजी, म्हणजे नेटवर्कचा नकाशा, बहुधा बीजीपी-एलएस या प्रोटोकॉलमधून येते. तिच्यातली बँडविड्थ ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट संख्येत, आणि बिटमध्ये नव्हे तर बाइट प्रति सेकंदात असते. राउटर आणि पीसीई ज्या प्रोटोकॉलने बोलतात त्या पीसीईपीच्या बँडविड्थ ऑब्जेक्टचंही तेच. १० गिगाबिटची लिंक तिथे १.२५ अब्ज अशी दिसते. राउटरवरच्या कमांडमध्ये बहुतेक वेळा किलोबिट असतात, देखरेखीच्या पडद्यावर बिट. या तिघांत कुठेतरी आठने गुणायचं राहिलं की लिंक एकतर फुकट पडून राहते, नाहीतर आठपट विकली जाते. विलंबाचा आकडा मायक्रोसेकंदात येतो, मिलिसेकंदात नाही. वेगवेगळ्या क्षमतेच्या तीन लिंक निवडा, राउटरवरचा आकडा आणि पीसीईच्या डेटाबेसमधला आकडा हाताने ताडून पाहा. प्रत्येक लिंक दोन्ही दिशांनी दिसते ना, हेही बघा. एकाच बाजूने जाहीर झालेली लिंक मार्ग काढताना वगळली जाते आणि ‘मार्ग नाही’ एवढंच उत्तर हाती येतं.

आयजीपी, म्हणजे नेटवर्कच्या आतला राउटिंग प्रोटोकॉल, जाहीर करतं त्या शिल्लक बँडविड्थवर सेगमेंट राउटिंगमध्ये विसंबू नका. तुमच्या पीसीईने एसआर मार्गांना दिलेल्या बँडविड्थची वजावट त्या आकड्यात कधीच होत नाही. लिंकची एकूण क्षमता तेवढी तिथून घ्या, वजाबाकी स्वतः करा.

मग काही दिवस फक्त ऐकू द्या

पीसीईपी टीसीपीच्या ४१८९ पोर्टवर चालतं. कीपअलाइव्ह (सत्र जिवंत असल्याची खूण पाठवण्याचं अंतर) ३० सेकंद आणि डेडटाइमर (काहीच न आल्यास सत्र तुटलं असं मानण्याची मुदत) १२० सेकंद ही सर्वसाधारण मूल्यं सुरुवातीला पुरतात. सत्रं जोडा, पण एकही मार्ग अजून सोपवू नका, म्हणजे तो बदलण्याचा हक्क पीसीईला देऊ नका, राउटरना नुसते अहवाल पाठवू द्या. सत्र जुळताच राउटर आपल्याकडचे सगळे मार्ग कळवतो आणि शेवटी पीएलएसपी-आयडी (सत्रातला मार्गाचा क्रमांक) शून्य असलेला अहवाल पाठवून ‘संपलं’ असं सांगतो. ती खूण येईपर्यंत त्या राउटरबद्दल कोणताही निर्णय घेतला जाऊ नये. अर्धवट यादीवर हिशेब मांडला की भरलेल्या लिंक रिकाम्या दिसतात. पीसीई पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच मिनिटात गोंधळ उडतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

नोंदीची किल्ली म्हणून पीएलएसपी-आयडी वापरू नका. तो एका सत्रापुरताच स्थिर असतो, सत्र तुटून पुन्हा जुळलं की बदलू शकतो. मार्गाचं सिम्बॉलिक नाव मात्र तो मार्ग असेपर्यंत तेच राहतं. राउटरची ओळख आणि हे नाव मिळून किल्ली करा, नाहीतर प्रत्येक पुनर्जोडणीनंतर तोच मार्ग वहीत दुसऱ्यांदा चढेल.

वहीत चार रकाने

प्रत्येक लिंकच्या प्रत्येक दिशेसाठी मंजूर, प्रलंबित, मोजलेली आणि बाहेरची असे चार आकडे वेगळे ठेवा.

मंजूर म्हणजे राउटरने अहवालातून पक्की केलेली बँडविड्थ. प्रलंबित म्हणजे पीसीईने बदलाचा आदेश दिला आहे, पण त्या आदेशाच्याच एसआरपी क्रमांकाचा अहवाल परत आलेला नाही, अशी. हा रकाना नसेल तर अर्ध्या सेकंदाच्या अंतराने आलेल्या दोन मागण्यांना तीच जागा दिली जाते. आदेशाला उत्तर म्हणून चूक कळवणारा संदेश आला, किंवा ठरवलेल्या वेळेत काहीच आलं नाही, तर प्रलंबित रक्कम परत सोडायला विसरू नका. वही हळूहळू ‘भरत’ जाते आणि कारण सापडत नाही, तेव्हा पहिली शंका इथे घ्या.

मोजलेली म्हणजे लिंकवर टेलिमेट्रीने प्रत्यक्ष दिसणारी रहदारी. आणि बाहेरची म्हणजे पीसीईच्या ताब्यात नसलेली: साध्या आयजीपीच्या जवळच्या रस्त्याने जाणारी, जुन्या आरएसव्हीपी टनेलमधली, बिघाडानंतर वळवलेली. मोजलेल्यातून पीसीईच्या मार्गांची प्रत्यक्ष रहदारी वजा केली की ही मिळते. इथे मंजूर आकडा वजा करण्याचा मोह टाळा. १ गिगाबिट मंजूर असलेला मार्ग त्या क्षणी ३०० मेगाबिटच वाहत असेल, तर बाहेरची रहदारी ७०० मेगाबिटने कमी दिसेल आणि ती जागा पुन्हा वाटली जाईल. त्यासाठी प्रत्येक मार्गाचा स्वतःचा काउंटर लागतो. तो नसेल तर बाहेरच्या रहदारीसाठी ठरावीक हिस्सा बाजूला काढून ठेवलेला बरा.

क्रमाचा सापळा

सर्वांत जवळचा आणि जागा असलेला मार्ग द्यायचा, हा नियम एकेका मागणीपुरता ठीक असतो. दोन ठिकाणांमध्ये दोन रस्ते आहेत असं धरा. जवळच्यावर १० गिगाबिट मोकळे, लांबच्यावर ६. आधी २ ची मागणी आली, मग ३ ची, दोन्ही जवळच्या रस्त्यावर बसल्या. आता ८ ची आली. जवळच्यावर ५ उरलेत, लांबच्यावर ६. सगळ्या मागण्या मिळून १३ होतात, जागा १६ आहे, तरी नकार. आधीच्या दोघींना लांबच्या रस्त्यावर हलवलं तर आठही बसतात.

हे हलवणं जमावं म्हणून पीसीईला संसाधनांचा ताबा द्यायचा. पण हलवताना नवा मार्ग आधी उभा राहतो आणि जुना मग मोडतो. तेवढ्या वेळापुरती त्या मार्गाची बँडविड्थ दोन्ही रस्त्यांवर धरा. जी लिंक जुन्या-नव्या दोन्ही मार्गांत येते, तिच्यावर मात्र एकदाच धरा, नाहीतर स्वतःच्याच जागेसाठी मार्ग स्वतःलाच अडवतो. एका फेरीत किती मार्ग हलवायचे याला मर्यादा घाला, आणि नुकताच हलवलेला मार्ग काही काळ तसाच राहू द्या. दर फेरीला थोड्याशा फायद्यासाठी मार्ग इकडून तिकडे नाचवणारा पीसीई कोणालाच नको असतो. सेटअप आणि होल्ड प्राधान्य (जागा मिळवताना आणि ती टिकवताना मार्गाचा क्रम) ० ते ७ असतं आणि ० सर्वांत वरचं. हे उलटं समजून भरलेली कॉन्फिगरेशनं कमी नाहीत.

लेबलांची खोली आणि हिशेबातली भोकं

प्रत्येक राउटर किती सेगमेंटांची चळत लादू शकतो हे तो सत्र उघडतानाच कळवतो. बारा टप्प्यांचा मार्ग आणि पाचाची मर्यादा असेल, तर पीसीई मधले टप्पे गाळून नोड-सेगमेंट, म्हणजे ‘त्या राउटरपर्यंत जा’ एवढंच सांगणारं सेगमेंट, वापरतो. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर, पण वही इथेच फाटते. दोन नोडांमधली रहदारी आता आयजीपी ठरवेल तशी जाते, समान किमतीचे रस्ते असतील तर विभागून जाते, आणि लिंकची किंमत (मेट्रिक) बदलली की पीसीईला न विचारता वळते. म्हणून बँडविड्थची हमी असलेल्या मार्गांना शक्यतो लिंकवार सेगमेंट द्या. चळत खोल होत असेल तर मधल्या राउटरवर बाइंडिंग सेगमेंट (पुढच्या सगळ्या यादीऐवजी चालणारं एकच सेगमेंट) ठेवून मार्गाचे दोन तुकडे करा. नोड-सेगमेंट वापरावंच लागलं तर आयजीपीत बदल होताच त्या मार्गांचा हिशेब नव्याने मांडा.

लेबलांचं वाटप सोपवायचं असेल तर

आरएफसी ९०५० च्या पद्धतीत पीसीई मार्गावरच्या प्रत्येक राउटरला येणारं आणि जाणारं लेबल नेमून देतो. मार्ग उभारणीचा प्रकार इथे २ असतो. आरएसव्हीपी-टीईचा ०, सेगमेंट राउटिंगचा १. पीसीईने वापरायची लेबलांची श्रेणी त्या आरएफसीत वाटाघाटीने ठरत नाही, दोन्ही बाजूंना आधीच माहीत आहे असं गृहीत धरलेलं आहे. तेव्हा ती हाताने ठरवा. लेबल २० बिटांचं असतं, ० ते १५ राखीव. राउटरची स्वतःची आपोआप वाटायची श्रेणी आणि सेगमेंट राउटिंगचा ब्लॉक सोडून एक सलग तुकडा, समजा ५००००० ते ५०९९९९, प्रत्येक राउटरवर राखून ठेवा आणि तोच पीसीईत भरा. शेवटच्या राउटरकडून पहिल्याकडे अशी लेबलं उतरवा, आणि मधल्या सगळ्यांचे अहवाल आल्यावरच रहदारी सोडा. उलट क्रमाने केलं तर पहिल्या राउटरने चिकटवलेलं लेबल पुढच्याला ओळखू येत नाही आणि पॅकेट तिथेच गळतात.

पीसीई बंद पडला तर

दोन पीसीई ठेवा, पण एका क्षेत्राचे निर्णय एकाच वेळी एकानेच घ्यावेत. एक मार्ग एका वेळी एकाच पीसीईकडे सोपवलेला असतो, हा नियम पुरेसा नाही. अर्धे मार्ग याच्याकडे आणि अर्धे त्याच्याकडे असले तर दोघेही तीच मोकळी जागा एकाच क्षणी वाटतील. अहवाल दोघांनाही जाऊ द्या, म्हणजे राखीव पीसीईची वही ताजी राहील.

सत्र तुटलं की राउटरवर दोन घड्याळं सुरू होतात. पहिलं संपलं की राउटर आपले सोपवलेले मार्ग दुसऱ्या पीसीईकडे देऊ पाहतो. दुसरं, स्टेट टाइमआउट, संपलं की पीसीईने दिलेली मूल्यं टाकून राउटर आपल्या मूळ कॉन्फिगरेशनवर येतो, आणि पीसीईनेच उभारलेले मार्ग तर काढून टाकतो. हे दुसरं घड्याळ पहिल्यापेक्षा कमी असता कामा नये. ते अनंतही ठेवता येतं. राखीव पीसीईला अनाथ मार्ग ताब्यात घ्यायला किती वेळ लागतो ते मोजून मगच हा आकडा ठरवा. मोजण्यासाठी मुख्य पीसीईची केबल खरोखर काढा. नुसती प्रक्रिया थांबवली तर टीसीपी लगेच बंद होतं, आणि डेडटाइमरची १२० सेकंदं चाचणीत दिसतच नाहीत.